सांगलीतला वाडा, दोन भाऊ आणि पुराची रेघ : लघुपटाचा लूक ठरवायला मदत हवी

गावभागकर

मंडळी, पंधरा-सोळा मिनिटांचा एक लघुपट करायला घेतलाय. संहिता तयार आहे, घर मिळालंय, नट जवळपास ठरलेत. घोडं अडलंय ते 'हे सगळं दिसणार कसं' या प्रश्नापाशी. इथे कॅमेऱ्यातली आणि नाटकातली बरीच जाणती माणसं आहेत, म्हणून धागा काढतोय.

गोष्ट थोडक्यात अशी. गावभागातला जुना वाडा, ऑगस्ट महिना, कृष्णेला पाणी चढतंय. पुण्याहून धाकटा भाऊ आलाय. वाडा बिल्डरला द्यायचा म्हणतो, थोरल्याची सही हवी आहे. थोरल्याचं आयुष्य हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेलं. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. घरात तिसरी थोरल्याची बायको. ती चहा करते, पानं वाढते आणि आयर्विनवर किती फूट झालं ते शेजारणीकडून ऐकून येते.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो. आयर्विन पूल १९२९चा. पावसाळ्यात अख्खं गाव त्या पुलाजवळच्या पातळीवर डोळा ठेवून असतं. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७च्या वर गेलं होतं. त्या पुराची रेघ सोप्याच्या (चौकाकडच्या ओसरीच्या) भिंतीवर अजून आहे आणि थोरल्याने ती रंगवू दिलेली नाही. सगळी बोलणी त्या रेघेखाली बसून होतात. शेवटी सही होते. कशी, ते सांगत नाही.

सामान : एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, ३५ मिमीची प्राइम (झूम न होणारी) लेन्स, १८-५५ची झूम, दोन एलईडी पॅनल, मित्राचा गिंबल (चालताना कॅमेऱ्याला धक्के बसू न देणारी दांडी). बजेट म्हणजे जेवणखाण आणि येण्याजाण्याचा खर्च.

डोक्यात आहे ते असं : हळदीचा पिवळा आणि पुराचा मातकट करडा, दोनच रंग. फ्रेम २.३९ची स्कोप (उंचीच्या २.३९ पट रुंद), कारण रेघ आडवी आहे. कॅमेरा गिंबलवर संथ तरंगता, पाणी घरात शिरल्यासारखा. लॉगमध्ये (नंतर रंग चढवता यावेत म्हणून फिकट घेतलेलं चित्र) शूट करून वर एखादा चांगला लट (रंगांचा तयार साचा). मूड बोर्डवर (लूकचे नमुने लावायच्या फळ्यावर) पन्नासेक चित्रं लावलीत, पण खरं सांगायचं तर ती बघून आणखीच गोंधळायला होतं. शूटिंग नोव्हेंबर-डिसेंबरात, कारण ऑगस्टात तिथे शूट करायला होडी लागेल.

काय करावं? हातचं न राखता बोला.

बेदाणा

पूर, भाऊबंदकी आणि हळद. सांगलीकराला आणि काय पायजे! भडंगाचा एक क्लोज तेवढा टाका म्हंजे सगळं आलं. जागा धरून बसलोय.

वरणफळ

मला लेन्समधलं काही कळत नाही, पण एक भाबडा प्रश्न विचारते. गोष्ट कुणाची आहे?

तुमच्या परिच्छेदात थोरल्याचा स्वभाव आहे, धाकट्याचा हेतू आहे आणि वहिनी 'चहा करते, पानं वाढते'. पण पाणी किती चढलंय हे त्या घरात फक्त तिलाच माहीत आहे. दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडतं आणि तिला कुणी विचारत नाही. २०१९ला तो वाडा कुणी उपसला असेल? रेघ राखली दिवाणजींनी, रेघेखालचा गाळ कुणी काढला?

मला वाटतं गोष्ट तिची आहे. आणि तसं असेल तर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. कॅमेरा स्वयंपाकघरात. तिथून माजघर ओलांडून सोप्यातलं जेवढं दिसतं तेवढंच आम्हाला दाखवा. एकाची पाठ, दुसऱ्याचा गुडघा, कपबशी ठेवणारा हात. ती चहा घेऊन बाहेर गेली की आम्ही बाहेर, ती आत आली की आम्ही आत. भावांचं भांडण मी शेकडो वेळा बघितलंय, आतल्या खोलीतून ऐकलेलं भांडण पडद्यावर फारसं बघितलेलं नाही. घरी मात्र सगळ्या बायकांनी ते तसंच ऐकलेलं असतं.

बेदाणा

दिवाणजींनी सोता घर धुतलं असंल तर मी मिशी काढतो. वरणफळतैंना +१.

थर्माकोल

मिरजेचा, आता मुंबईत लाइटच्या टीममध्ये. वरणफळ यांनी जे सांगितलं ते लाइटच्या हिशेबानेही फायद्याचं आहे, ते कसं ते बघा.

जुन्या वाड्यात माजघराला खिडकी नसते, असली तर झरोका. म्हणजे स्वयंपाकघर आणि सोपा यांच्यामधे एक अंधाराचा पट्टा फुकटात मिळतो. सोप्याला चौकातून उजेड. तुम्ही अंधारातून उजेडाकडे बघताय, वहिनीची कडा आपोआप कापली जाते. हे लाइट लावून करायला गेलात तर दिवस जाईल आणि तरी खोटं दिसेल. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) सोप्याच्या हिशेबाने ठेवायचं. वहिनी दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली गेली तर जाऊ दे, पार काळी होत असेल तर फ्रेमबाहेर एक थर्माकोल उभा करून थोडा उजेड परत द्या. दोन्ही पॅनल पेटीतच राहिले तरी चालतील. नवीन माणूस लाइट आणला म्हणून लावतो, तसं करू नका.

आता लेन्स. एपीएस-सीवर ३५ची लेन्स बारा फुटांवरून साधारण आठ फूट रुंदी बघते, वीस फुटांवरून तेरा-चौदा फूट. टेप घेऊन चुलीच्या जागेपासून सोप्याच्या मागच्या भिंतीपर्यंत मोजा. वीसच्या आसपास भरलं तर दोन भाऊ, मधला पाट आणि वरची रेघ हे सगळं ३५मध्ये बसतं आणि भिंती वाकड्या होत नाहीत. झूम घरी ठेवा. अख्खा लघुपट एका लेन्सवर झाला तर 'लूक' म्हणतात त्यातलं बरंचसं तिथेच झालं.

आणि २.३९ विसरा. वाड्याची दारं बुटकी आणि अरुंद. स्कोपमध्ये दार मधोमध एक फीत होतं आणि दोन्ही बाजूंना काळी भिंत उरते. रेघ आडवी आहे म्हणून फ्रेम आडवी हा हिशेब कागदावर ठीक. १.६६ किंवा सरळ १.३३ घ्या. दार उभं आहे, माणसं उभी आहेत, त्यात आडवी रेघ आली तर ती टोचेल. आडव्या फ्रेममध्ये आडवी रेघ मिसळून जाते. कॅमेऱ्यात फ्रेम गाइड लावून शूट करा, कापायचं नंतर. महोत्सवाला डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) मागितली तर १.६६ किंवा १.३३ दोन्ही फ्लॅट कंटेनरमध्ये (१.८५च्या चौकटीत) बाजूला काळ्या पट्ट्या देऊन बसतात, अडत नाही.

रानवाटा

गिंबलबद्दल बोलू का? 'पाणी घरात शिरल्यासारखा तरंगता कॅमेरा' हे वाक्य पूर न बघितलेल्या माणसाचं वाटलं, रागावू नका. आमचं घर हरिपूर रस्त्याला. पाणी दारातून ऐटीत चालत येत नाही. आधी मोरीतून येतं. बुडबुडे येतात, वास येतो, मग फरशीच्या सांध्यातून ओल फुटते आणि तुम्ही दाराकडे बघत असता. रस्त्यावर पाणी दिसायच्या आत न्हाणीघरात घोटाभर झालेलं असतं.

तेव्हा पाण्यासारखा कॅमेरा हवा असेल तर तो हलूच नये. फरशी कोरडी असलेला शॉट दाखवा, थोड्या वेळाने त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून तोच शॉट, आता मोरीच्या तोंडाशी ओल. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

गावभागकर

बाप रे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांचे आभार.

पूर मी बघितलाय हो रानवाटा, पण आमचं घर विश्रामबागला, नदीपासून लांब, तिथे मोरीची गोष्ट कळायला कारण नव्हतं. हे घेतो. ओल वहिनीलाच आधी दिसणार, कारण मोरी स्वयंपाकघराच्या बाजूला आहे. म्हणजे सोप्यात दोघं सहीवर अडलेत आणि पाणी आत आलंय हे फक्त तिला आणि प्रेक्षकाला माहीत. संहितेत हे नव्हतं.

वरणफळ, तुमचा प्रश्न भाबडा वगैरे काही नाही. संहिता पुन्हा काढून बसलोय.

थर्माकोल, मोजून आलो. एकोणीस फूट आणि काही इंच.

तिसरी_घंटा

मी जरा वेगळा सूर लावतो.

कॅमेरा स्वयंपाकघरातून हलणार नाही, नटांच्या पाठी दिसतील, चेहरे नाहीत. ऐकायला फार छान. पण ते दोन नट काय करतील? सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच मराठी नाटक उभं केलं, आणि तुम्हाला मिळणारे नटही इथल्याच स्पर्धांमधून आलेले असणार. त्यांना प्रेक्षकाकडे तोंड करायची सवय. त्यांना पाठमोरं बसवून 'अभिनय करा' म्हटलं तर ते खांद्याने अभिनय करतील. ते फार वाईट दिसतं, मी केलेलं आहे.

दुसरं, एकदा नियम केला की माणूस नियमाच्या प्रेमात पडतो. सगळा लघुपट दाराच्या चौकटीतून बघितला तर सातव्या मिनिटाला प्रेक्षक म्हणेल, कळली गंमत, आता जवळ जा. थोरला सही करतो तेव्हा त्याचा चेहरा बघायचा हक्क आहे की नाही आम्हाला?

तालमी मात्र त्याच घरात करा. हॉलमध्ये नको. नट पाटावर बसले, उठताना गुडघ्यावर हात ठेवला, तुळईला डोकं आपटू नये म्हणून वाकले, हे सगळं घर शिकवतं. त्यांच्या जागा खडूने आखा आणि मग कॅमेरा कुठे ते ठरवा. तुम्ही उलटं करताय असं वाटतंय.

वरणफळ

'चेहरा बघायचा हक्क' हा मुद्दा मान्य. पण तो हक्क वहिनीला मिळेल तेव्हाच आम्हाला मिळावा, एवढंच माझं म्हणणं. ती उंबरा ओलांडून सोप्यात येऊन बसते असा एक क्षण संहितेत असू दे ना. घरातल्या बाईने त्या बैठकीत येऊन बसणं हीच घटना आहे. तिथे कॅमेरा पहिल्यांदा जवळ जाईल, आणि तो क्लोज तुम्हाला आधीच्या दहा मिनिटांच्या व्याजासकट मिळेल.

थर्माकोल

तिसरी घंटा यांचं तालमीबद्दलचं शंभर टक्के बरोबर. नियमाबद्दल नाही. पैसे नसलेल्या युनिटला नियमच वाचवतो. नाहीतर सेटवर प्रत्येक शॉटला 'इथून पण घेऊन ठेवूया का' सुरू होतं. मास्टर (अख्खा प्रसंग एका शॉटमध्ये), दोन सजेशन, दोन क्लोज, पाण्याच्या ग्लासचा एक, आणि तोवर उजेड गेलेला असतो. एडिटला सगळं आहे आणि काहीच नाही. नियम असला की 'नाही' म्हणायला कारण मिळतं.

एक मधला मार्ग सांगतो. तो सहीचा प्रसंग दोन्हीकडून घ्या. आधी स्वयंपाकघरातून अख्खा, मग वहिनी बसल्यावर जवळून. ॲक्सिस (दोन भावांना जोडणारी काल्पनिक रेघ) तेवढा सांभाळा. आधीचं सगळं एका बाजूने बघितलंय, त्यामुळे थोरला डावीकडे आणि धाकटा उजवीकडे हे डोक्यात पक्कं बसलेलं असेल. जवळ जाताना पलीकडे गेलात तर दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटेल.

बेदाणा

सजेशन म्हंजे काय ओ? मला वाटलं सेटवर सगळेच सजेशन देत्यात.

थर्माकोल

तेही देतात, न मागता. 😀 एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, त्याला आम्ही लोक सजेशन म्हणतो.

डीआयची_खोली

उशिरा येतोय. शूट झालेल्या चित्राचे रंग ठरवणं (डीआय, ग्रेडिंग) हा माझा धंदा, म्हणून फक्त त्यावर.

'हळदीचा पिवळा' ऐकून घाम फुटला. ग्रेडिंगला बसलं की वेक्टरस्कोपवर (रंग मोजायच्या आलेखावर) माणसाच्या कातडीची एक रेघ असते, ती लाल आणि पिवळ्याच्या मधे पडते. आपली कातडी गोरी असो सावळी असो, त्याच रेघेच्या आसपास. हळद तिथून हाकेच्या अंतरावर. तुम्ही लटने अख्ख्या फ्रेमचा पिवळा उचललात की दोन्ही भाऊ कावीळ झाल्यासारखे दिसतील. पिवळा वगळून चेहरे वाचवायला मास्क करत बसावं लागतं, आणि स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तर हळद आणि कातडी वेगळी काढता येत नाही.

म्हणून पिवळा कॅमेऱ्यासमोर ठेवा, संगणकात नको. पूर्ण घरात पिवळं काहीही नको. पडदे, उशा, कॅलेंडर, प्लास्टिकचा डबा, झेंडूची माळ, सगळं उचला. मग एकच पिवळी वस्तू राहू दे. दिवाणजी माणूस आहे, त्याच्या नखांत, बोटांच्या पेरांवर हळद उतरलेली असते ती वर्षानुवर्षं जात नाही. सही करताना तो हात जवळून दिसणारच आहे. तेवढा पिवळा पुरे.

लॉग : तुमचा कॅमेरा ८ बिटच (म्हणजे रंगांच्या कमी पायऱ्या) रेकॉर्ड करत असेल तर लॉगच्या वाटेला जाऊ नका. अंधाऱ्या माजघराच्या भिंतीवर पट्टे पडतील आणि सावल्यांमध्ये किडे नाचतील. साध्या प्रोफाइलमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा कमी करून शूट करा. १० बिट असेल तर लॉग चालेल, पण दीड स्टॉप उजळ एक्स्पोज करून टेस्ट घ्या.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा कशाला धरायचा ते) ऑटोवर ठेवलात तर मी इथून येऊन कॅमेरा काढून घेईन. ५६०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडावर) कुलूप लावा. मग सोप्यातला ढगाळ उजेड थोडा निळसर येईल, स्वयंपाकघरातला बल्ब उबदार येईल, आणि दोन खोल्या दोन घरांसारख्या दिसतील. लट विकत घ्यायची गरज नाही.

थर्माकोल

बल्बवरून आठवलं. शटर १/५०, फ्रेम रेट २४. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. १/५०मध्ये बरोबर दोन ठोके बसतात, फ्लिकर धरत नाही. तरी स्वस्तातला एलईडी बल्ब, त्यातही डिमरवर लावलेला, भरवशाचा नाही. जो बल्ब फ्रेममध्ये लागणार तोच आधी शूट करून बघा. ट्यूबलाइट असतील त्या सगळ्या बंद, चेहरे हिरवे मारतात.

गावभागकर

डीआय, नखांतल्या हळदीसाठी तुम्हाला साष्टांग. कॅमेरा ८ बिट आहे, म्हणजे लॉगचा विषय संपला.

पण मोठा प्रश्न उरतोच. गोष्ट ऑगस्टातली आणि शूटिंग नोव्हेंबरात. चौकात नोव्हेंबरचं ऊन असं पडतं की सोप्याच्या फरशीवर पांढरा चौकोन. पूर येतोय म्हणायचं आणि बाहेर लख्ख ऊन. टँकर लावून पाऊस पाडणं परवडणार नाही.

थर्माकोल

चौक किती बाय किती? बारा बाय बारा असेल तर मांडववाल्याला गाठा. लग्नात वर बांधतात ते पांढरं कापड आणा, चौकावर ताणून बांधा. उन्हाचा ढग होतो. मुंबईत याच कामाला मोठ्या फ्रेमवर कापड ताणून भाडं घेतात. दोन गोष्टी सांभाळा. कापड पांढरंच हवं. निळी ताडपत्री किंवा गुलाबी झालर असलेलं आणलंत तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो रंग उतरेल आणि डीआयवाले रडतील. आणि एकच थर. दुहेरी केलंत तर आत काळोख.

पावसाचं सांगतो. पाऊस समोरून उजेड टाकून दिसत नाही, मागून टाकला तर दिसतो, आणि त्याच्या मागे काहीतरी गडद हवं. तुम्हाला आभाळभर पाऊस नकोच आहे. स्वयंपाकघरातून सोपा, सोप्यातून चौक, एवढंच दिसतंय. चौकाकडच्या पन्हाळीवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आडवा ठेवा, वीतभर अंतरावर खिळा तापवून भोकं पाडा, बागेचा नळ जोडा. पागोळ्या पडायला लागतील. मागची भिंत ओली करून गडद करा. कापडातून येणारा उजेड वरून-मागून येतोच. झाला पाऊस. आवाज मात्र वेगळा घ्यावा लागेल, पाइपातलं पाणी पावसासारखं अजिबात ऐकू येत नाही.

फरशी प्रत्येक शॉटच्या आधी पोछ्याने ओली करा. ओली फरशी आभाळ परत देते, आतला उजेडही वाढतो.

रानवाटा

आता रेघेबद्दल. घरमालकांच्या भिंतीवर खरी रेघ आहे का तुम्ही करणार आहात?

गावभागकर

करावी लागणार. मालकांनी दोन वर्षांपूर्वी रंग दिलाय. छान गुळगुळीत, पोपटी. 🤦

रानवाटा

मग हे वाचा. सिनेमात दाखवतात तशी पुराची रेघ म्हणजे पट्टीने मारलेली तपकिरी ओळ नसते. पाणी एकदम उतरत नाही. फूटभर उतरतं, रात्रभर थांबतं, परत उतरतं. त्यामुळे वरची रेघ ठळक, खाली चार-पाच फिकट रेघा, एकमेकींना समांतर. रेघा मात्र अगदी लेव्हलमध्ये असतात. भिंत तिरकी असेल, चौकट झुकलेली असेल, पण पाण्याची रेघ सरळच. जुन्या वाड्यात हे फार जाणवतं, कारण घरात दुसरं काहीच सरळ नसतं.

रेघेखाली गाळाचा पातळ थर, धुतला तरी रंगाच्या खरबरीतपणात अडकून राहिलेला, त्याला चमक नसते. आणि खरी गंमत रेघेच्या वर. भिंत पाणी पिते, ते वर चढतं, मग महिन्यांनी लोणा फुटतो. रंगाला फोड येतात, पांढरी बुरशी आल्यासारखी पूड पडते. त्यामुळे वर्षभरानंतर रेघेची वरची कड जास्त खराब असते. विजेच्या बोर्डाभोवती नीट बघा, स्क्रू गंजून खाली ओघळ आलेले असतात. देवळीत गाळ कोपऱ्यात साचलेला राहतो, झाडू तिथे पोचत नाही.

हे सगळं दाखवा म्हणत नाही. एवढं केलं की नट त्या भिंतीला टेकून बसायला बिचकतील, आणि तेच हवंय.

वरणफळ

आणि त्या भिंतीवर एकच जागा स्वच्छ असू दे. वहिनीने फोटो पुसून परत लावलाय ती. बस, यापुढे मी संहितेत नाक खुपसणार नाही.

तिसरी_घंटा

खुपसा हो, चांगलं चाललंय. कॅमेरा जवळ जायला कारण मिळालंय, माझी तक्रार मागे.

त्या पन्नास चित्रांच्या मूड बोर्डचं काय झालं? शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार, सेट, कपडे, पात्रं आधी कागदावर काढून मग शूटिंगला उभे राहायचे. दुसऱ्यांची चित्रं जमवत बसण्यापेक्षा तुम्ही त्या घराचा नकाशा काढा. काडीची माणसं चालतील. दार कुठे उघडतं, वहिनी कुठे उभी राहते, तिथून कोण दिसतं. हा कागद नटांना द्या, कॅमेऱ्याला द्या, मांडववाल्यालाही द्या.

गावभागकर

मूड बोर्ड बाजूला ठेवला. जमिनीचा नकाशा आलेख वहीवर काढलाय, एक चौकोन म्हणजे एक फूट. त्यावरून आतापर्यंत ठरलेलं सांगतो, कुठे चुकत असेल तर थांबवा.

फ्रेम १.६६. १.३३ करून बघितली, फोनवर चौकट लावून. दार छान बसलं पण धाकटा उठून उभा राहिला की थोरला कापला जातो. लेन्स ३५ची एकच. कॅमेरा स्टँडवर, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नजरेच्या उंचीवर. म्हणजे सोप्यात पाटावर बसलेले भाऊ तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणि पुराची रेघ सगळ्यांच्या वर. धाकटा एकटाच खुर्ची मागतो, त्यामुळे त्याचं डोकं रेघेला भिडतं. हे मुद्दाम नव्हतं, तालमीत नटाचे गुडघे दुखले म्हणून झालं, पण ठेवतोय.

ती पाणी किती चढलं ते विचारायला बाहेर जाते ते दोन प्रसंग आहेत. तिथे कॅमेरा हातात, गिंबलशिवाय, कारण त्या वेळी ती घराबाहेर आहे आणि घाईत आहे. परत आली की स्टँड. नदी दाखवणारच नाही. आयर्विनही नाही. नुसते आकडे, शेजारणीच्या तोंडून. ३८, ४१, ४३.

कपडे : थोरला चुन्याच्या पांढऱ्यात, धाकटा गडद निळ्या शर्टात, वहिनी विटकरी पातळात. घरमालकांनी पोपटी भिंतीला हात लावायला नकार दिलाय, त्यामुळे सोप्याच्या मागच्या भिंतीसमोर प्लायचे तीन तुकडे उभे करून त्यावर चुना आणि नीळ. लोणा कशाने करावा? मीठ टाकून बघितलं, चमकतं.

रानवाटा

मीठ नको. खडूची पूड आणि फेव्हिकॉल पाणी घालून पातळ, ब्रशने थापटायचं. वाळायच्या आत वर कोरडा चुना फुंकरायचा. फोडांसाठी टिश्यू पेपर चिकटवून त्यावर चुना. वाळला की नखाने उचकटा.

डीआयची_खोली

चुना-निळीची भिंत उत्तम. त्यावर निळा शर्ट मात्र थोडा करडा घ्या, नाहीतर धाकटा भिंतीत विरघळेल. त्याच प्लायसमोर तिघांना कपड्यांसकट उभं करून मिनिटभर शूट करा आणि मला पाठवा. शूटिंगच्या आधी. नंतर पाठवून 'काहीतरी करा' म्हणणारे खूप असतात.

बेदाणा

प्लायचे तुकडे आन् नेणं-आणणं माझ्याकडं लागलं. टेम्पो हाय. द्राक्षाचा सीझन जानेवारीनंतर, तवर मोकळाच.

थर्माकोल

एकच राहिलं. तारीख बघून घ्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग मांडववाला पांढरं कापड तुम्हाला फुकट तर सोडाच, भाड्यानेही देणार नाही. त्याच्या आधी उरकता येईल का?

गावभागकर

हे डोक्यातच नव्हतं. मग दिवाळी झाली की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून. वहिनीचं काम करणाऱ्या ताई फराळाचे डबे घेऊन येते म्हणाल्यात. बेदाणा, टेम्पो त्या आठवड्यात धरून ठेवा.